पान उलटायच्या आधी

आळंदी रोडवरून विश्रांतवाडीच्या चौकात आत वळलं की पाण्याची टाकी लागते, आणि टाकीच्या पायाशी महापालिकेची शाळा. कागदोपत्री शाळेला नंबर आहे, एका थोर माणसाचं नावही आहे. पण रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो धानोरीपर्यंत फिरवून आणेल. टाकीची शाळा म्हणायचं. बरोबर दारात सोडतो.

बुद्धभूषण ओव्हाळ ह्याच शाळेत शिकला आणि आता ह्याच शाळेत सातवीला शिकवतो. कंत्राटी आहे, सहा-सहा महिन्यांची ऑर्डर. पण त्याचे वडील बापूराव, खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, ते वस्तीत सांगताना कंत्राटी हा शब्द गिळून टाकतात. "आमचा भूषण सर झाला," एवढंच सांगतात. पोरंही त्याला भूषण सरच म्हणतात. मुख्याध्यापिका भाग्यश्री मॅडम तेवढ्या आडनावानं हाक मारतात. "ओव्हाळ, जरा येता का? घाई नाही, आत्ता आलात तरी चालेल."

त्याच्या वर्गात निम्मी पोरं इथली. टाकीमागच्या वस्तीतली, बहुतेक बौद्ध घरांतली. ह्यांच्या आजोबांनी कारखान्यांत हयात काढली, आणि नातवंडानं कलेक्टरच्या खालचं काही व्हायचं म्हटलं तर ते ऐकून घेत नाहीत. उरलेली निम्मी पोरं बिल्डिंगांबरोबर येतात. जवळपास कुठं नवीन टॉवरचा पाया खणला की गोंदिया, भंडारा, यवतमाळकडची घरं पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहतात, आणि सोमवारी सकाळी शाळेच्या दारात एक बाप उभा असतो. सोबत पोरगं, हातात मागच्या शाळेचा दाखला. कधी तोही नाही. टॉवरला रंग लागला की पोरगं गायब. घरी कुणी हिंदी बोलतं, कुणी गोंडी, एकीची आई तेलुगू. दिवाळीला जो वर्ग असतो तो होळीला नसतो.

पहिल्या वर्षी भूषणची पार दमछाक झाली. अपूर्णांक शिकवून झाले की नवीन पोरगं यायचं. त्याच्यासाठी पुन्हा अपूर्णांक. मग जुनी पोरं जांभया द्यायची. त्यांच्यासाठी पुढं गेलं की नवी पोरं खिडकीतून टाकीकडं बघत बसायची. त्या वर्षी केंद्राच्या चाचणीत टाकीची शाळा सगळ्यात खाली आली. केंद्र म्हणजे ह्या भागातल्या आठ-नऊ शाळांचा गट. त्यांची दरवर्षी एक चाचणी होते, सगळ्यांना एकच पेपर, आणि मग निकालाची उतरंड लागते. तळाला कोण, ते सगळ्या गटाला कळतं.

मे महिन्याच्या सुट्टीत भूषणला वस्तीतला बुद्ध विहार आठवला.

दहावीला असताना तो संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत बसायचा. तिथं पुस्तकं कमी, पोरं जास्त. एका पुस्तकावर दोघं. त्यामुळं एक रीत पडली होती. ज्याचं आधी वाचून होईल त्यानं पान धरून ठेवायचं. दुसऱ्यानं 'हं' म्हटलं की मगच उलटायचं. कुणी घाई करून पान ओढलं तर विमलाबाई, विहाराची झाडलोट करायच्या त्या, मागून टपली मारायच्या. "त्याचं राहिलंय ना अजून. तुला काय गाडी पकडायचीय?"

जूनमध्ये शाळा उघडली तशी त्यानं ती रीत वर्गात आणली. प्रत्येक जुन्या पोराशेजारी एक नवं पोर. वाचन असो, गणित असो, दोघांनी मिळून पुढं जायचं. ज्याचं आधी झालं त्यानं थांबायचं, अडलं असेल तर सांगायचं. दुसऱ्याचा 'हं' आल्याशिवाय पान उलटायचं नाही. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला दप्तराआधी जोडीदार मिळायचा.

सुरुवातीला कुरकुर झाली. सृष्टीची तर जास्तच. सृष्टी म्हणजे वर्गातली सगळ्यात तेज पोरगी. वडील रिक्षा चालवतात, आणि सिग्नलला थांबायचा कंटाळा बहुतेक घराण्यातच असावा. दिवाळीनंतर तिच्या शेजारी सूरज आला. गोंदियाकडचा, बाप गवंडी. गणितात बरा होता, पण मराठीचं पुस्तक हातात आलं की बोट ठेवून ठेवून वाचायचा.

"सर, हा मले-तुले बोलतो. मला काहीच कळत नाही," सृष्टी म्हणाली.

"त्यालाही तुझं कळत नाही. फिट्टंफाट."

"ही लय जोरात बोलते सर," सूरज म्हणाला. "रेल्वे गेल्यावानी."

वर्ग हसला. सृष्टीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन दिवस 'हं'सुद्धा हळूच म्हणायचा.

पण जमलं. जमलं म्हणजे असं, की जानेवारीत सूरजनं दोन पानांचा धडा उभं राहून वाचला आणि वाचून झाल्यावर सगळ्यात आधी सृष्टीनं मान वर करून वर्गाकडं बघितलं. बघा, माझा आहे, असं. पायल नावाची अबोल मुलगी, यवतमाळकडून आलेली, ती समर्थला पाढे म्हणून दाखवायला लागली. समर्थ टाकीमागचाच, तोंडाळ. त्याचे पाढे पायलपेक्षा कच्चे निघाले तेव्हा तो म्हणाला, "सर, जोडीत नक्की नवीन कोण आहे?" भूषण घरी जाऊन हे बापूरावांना सांगायचा. बापूराव पेपर खाली ठेवून ऐकायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रीत विहाराची आहे, लक्षात ठेव."

फेब्रुवारीत चाचणी लागली. त्याआधी केंद्राची मीटिंग झाली. केंद्रप्रमुख दातीर साहेब, सफारीतला शांत माणूस, त्यांनी भिंतीवर तक्ते दाखवले. कोणत्या शाळेत स्थलांतरित किती, घरची भाषा मराठी नसलेले किती, वर्षात मध्येच आलेले किती. तिन्ही तक्त्यांत टाकीच्या शाळेचा खांब सगळ्यात उंच. चौथा तक्ता मागच्या वर्षीच्या निकालाचा. त्यात सगळ्यात बुटका.

"पहिल्या तीन तक्त्यांत आम्ही नंबरात आहोत साहेब," भाग्यश्री मॅडम म्हणाल्या. "तेवढं तरी मिनिट्समध्ये घ्या."

दातीर साहेब हसले, पण पुढचं त्यांनी हसत सांगितलं नाही. वरून ठरलं होतं. सलग दोन वर्षं जी शाळा तळाला राहील तिची सातवी बंद. मुलं मोठ्या शाळेत पाठवायची. म्हणजे आळंदी रोडच्या पलीकडच्या.

मीटिंगनंतर चहाला एका शाळेचे मुख्याध्यापक मॅडमजवळ आले. "अहो मॅडम, एवढं काय टेन्शन घेता? चाचणीच्या दिवशी नवीन पोरांना पोटदुखी होते. सगळीकडे होते. गैरहजर पोराचा शून्य धरत नाहीत."

मॅडमनी चहा संपवला. पण परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "ओव्हाळ, आपल्याकडे पोटदुखीची साथ येणार आहे का?"

भूषणच्या डोळ्यापुढं पायलची आई आली. ॲडमिशनच्या दिवशी ती म्हणाली होती, शाळा खोलीवरून दिसते म्हणून पाठवते सर. रोडपलीकडं असती तर घरीच ठेवली असती. लहान भावाला तरी बघेल. सातवी पलीकडं गेली की पुढच्या वर्षी अशी पोरगी घरी. एखादीच नाही, नवीन पोरींपैकी निम्म्या. पोटदुखी आणली तर सातवी वाचेल, पण ज्यांच्यासारख्यांसाठी वाचवायची त्यांनाच त्या दिवशी घरी बसवायचं.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "सगळी येतील."

"विचार करून बोलताय ना?"

"हो."

"बरं. मग मीही वेगळा विचार करत नाही."

चाचणीच्या दिवशी शिक्षकांची अदलाबदल असते. भूषणला दुसऱ्या शाळेत पाठवलं, त्याच्या वर्गावर दुसरीकडच्या एक बाई आल्या. संध्याकाळी फाटकात त्या भेटल्या. "सर, फार शांत मुलं तुमची. पानं उलटायचा आवाजसुद्धा एकदम. परेडसारखा." भूषण खूश झाला. शिस्त लागली पोरांना. घरी जाताना त्यानं वडिलांसाठी भजी घेतली.

दोन आठवड्यांनी दातीर साहेब स्वतः आले. मॅडमच्या खोलीत बसले, भूषणला बोलावलं आणि बॅगेतून पेपर काढून टेबलावर दोन-दोन करून मांडले.

"हा सृष्टीचा. हा सूरजचा. दोघांनी तिसऱ्या पानापर्यंतच सोडवलाय. चौथं पान कोरं. हा समर्थचा, हा पायलचा. दोन्ही तिथंच संपले. अशा नऊ जोड्या आहेत. प्रत्येक जोडी एकाच जागी थांबलेली." त्यांनी चष्मा काढला. "सर, मी बारा वर्षं पेपर बघतोय. ह्याला आम्ही सामूहिक कॉपी म्हणतो. असा रिपोर्ट गेला तर तळाला-बिळाला सोडा, निकालच रद्द होईल. सातवी तर जाईलच. तुमच्या ऑर्डरचंही अवघड आहे."

भूषण सृष्टीच्या पेपरकडं बघत होता. चौथं पान कोरं. सृष्टी, जी सहामाहीला, सूरज यायच्या आधी, वेळ उरला म्हणून समासात चित्रं काढायची, तिचं पान कोरं.

मॅडमनी दोन पेपर जवळ ओढले. सावकाश बघितले. "साहेब, पाचव्या प्रश्नाचं उत्तर हिनं बरोबर लिहिलंय. ह्यानं चूक. सातवा ह्याचा बरोबर आहे, हिचा चूक. कॉपी करणाऱ्यांनी निदान उत्तरं तरी सारखी लिहावीत. एवढी ढ मुलं आमच्याकडे नाहीत."

"मग एकाच जागी कशी थांबली?"

"ते मुलांना विचारू. इथंच आहेत."

सृष्टीला बोलावलं. ती आली, पेपर बघितला, आणि कुणाला काही विचारू न देता म्हणाली, "हे आमचे पेपर ना? किती पडले?"

"हे पान का सोडलंस?" दातीर साहेबांनी विचारलं.

"सोडलं नाही. वेळ संपला."

"तुझा वेळ संपला?"

"हो. मी थांबले होते ना."

"थांबली होतीस? कशाला?"

सृष्टीनं भूषणकडं बघितलं. एवढं साधं ह्यांना कसं माहीत नाही, असं.

"सूरजचं पान व्हायचं होतं," ती म्हणाली.

मग तिनंच समजावून सांगितलं. परीक्षेत बोलायचं नसतं, म्हणून 'हं' म्हणता येत नाही. नंबरप्रमाणे बसवलेलं, म्हणून दिसतही नाही. मग ऐकायचं. जोडीदाराचं पान उलटल्याचा आवाज आला की आपण उलटायचं. "तो माझ्या मागं तिसऱ्या बाकावर होता. त्याच्या पानाचा आवाज मला ओळखू येतो. तो बोटाला थुंकी लावून उलटतो. किती वेळा सांगितलं लावू नको म्हणून."

भूषणला फाटकात भेटलेल्या बाई आठवल्या. परेडसारखा आवाज. त्यानं वर्षभर सांगितलं होतं, दुसऱ्याचं झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. परीक्षेत मात्र उलटायचं, हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पोरांनी ऐकलं होतं. मास्तरचं एवढं कोण ऐकतं? त्याला लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती, पण त्या लाजेच्या खाली छाती फुगत होती, ती काही केल्या बसेना.

"जा वर्गात," मॅडम सृष्टीला म्हणाल्या.

"किती पडले ते नाही सांगितलं."

"कमी पडले. जा."

ती गेल्यावर दातीर साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "मॅडम, माझा विश्वास बसला. पण वर काय लिहू मी? मुलं एकमेकांसाठी थांबली होती?"

"लिहा की. वर कुणीतरी वाचेल. न वाचण्याची शक्यता जास्त आहे."

"तसं चालत नाही." त्यांनी पेपर गोळा केले. "शनिवारी सकाळी मी दुसरा पेपर घेऊन येतो. स्वतः वर्गावर बसतो. जे येईल ते फायनल. ओव्हाळ सर, तुम्ही फक्त एक करा. त्यांना सांगा, थांबायचं नाही."

शुक्रवारी शेवटच्या तासाला भूषण फळ्यापुढं उभा राहिला. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. वर्गात आल्यावर ते काही तोंडात येईना. शेवटी त्यानं सरळच सांगून टाकलं. उद्या पुन्हा पेपर आहे. उद्या कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

समर्थ उठला. तो उठणारच होता. "मग वर्षभर का थांबायला लावलं?"

"वर्षभराचं बरोबरच होतं."

"आणि उद्याचं?"

भूषणला खोटं जमत नाही. लहानपणापासून जमलं नाही, त्यामुळं मारही खूप खाल्लाय. त्यानं सगळं सांगितलं. मागच्या वर्षी आपण तळाला होतो. ह्या वर्षीही राहिलो तर सातवी रोडपलीकडं जाईल. तुमच्यानंतरच्या पोरांची, सहावीच्या, पाचवीच्या. आणि तुम्ही थांबलात म्हणून साहेबांना वाटलं कॉपी केली.

"कॉपी?" सृष्टी उसळली. "ह्याची? ह्याची कॉपी करून मी नापास होऊ का?"

"ओ," सूरज म्हणाला.

पायल सहसा बोलत नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माझी बहीण सहावीत आहे. तिला पलीकडं नाही पाठवणार."

सृष्टी पेन्सिल बाकावर आपटत होती. "मला नाही जमणार सर," ती म्हणाली. "मी ठरवून गेले तरी हात थांबतो. त्याचा आवाज आला नाही की मला वाटतं ह्याला काहीतरी अडलं. मग माझंच उत्तर चुकतं."

भूषणनं शिकवताना रीत लावली होती, मोडायची कशी ते विमलाबाईंनी कधी शिकवलं नव्हतं.

तेव्हा सूरज उभा राहिला. उभं राहून बोलायची त्याला अजून सवय नव्हती. हात कुठं ठेवायचे ते कळत नव्हतं म्हणून त्यानं ते पाठीमागं बांधले.

"हं," तो म्हणाला.

"काय हं?" सृष्टी म्हणाली.

"हं म्हटलं न. पूर्ण पेपराचं. चारही पानाचं. आत्ताच घेऊन ठेव."

"पेपर उद्या आहे, येड्या."

"म्हणूनच आज देतो. उद्या बोलू नाही देत. तू जा पुढं. मी येतो मागून. मले वाट मालूम आहे आता."

सृष्टीची पेन्सिल थांबली. समर्थनं पायलकडं बघितलं. "तू देणार का मी देऊ?"

"तू दे," पायल म्हणाली. "तुझे पाढे कच्चे आहेत."

"हं," समर्थ म्हणाला, आणि वर्ग फुटला. मग मागच्या बाकावरून एक हं आला, खिडकीजवळून एक, दाराजवळून दोन. कुणी गंभीरपणे दिला, कुणी गायीसारखा हंबरून दिला. शेजारच्या सहावीच्या बाई डोकावून गेल्या. भूषण फळ्याकडं तोंड करून उगाच डस्टर फिरवत राहिला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी दातीर साहेब वेळेच्या आधी आले. भूषणला वर्गात थांबायची परवानगी नव्हती. तो आणि मॅडम मैदानाच्या कडेला टाकीच्या सावलीत उभे राहिले. खिडक्या उघड्या होत्या. पहिलं पान उलटल्याचा आवाज आला. एकट्याचाच. मग बऱ्याच वेळानं दुसरा, मग तिसरा, मग कुठं दोन, कुठं एक. परेड मोडली होती.

"सगळी आली आहेत ना?" मॅडमनी विचारलं.

"सगळी. एकालाही पोटदुखी नाही."

"मला आहे," मॅडम म्हणाल्या.

खिडकीतून सृष्टी दिसत होती. तिचं लवकर झालं. तिनं पेन ठेवलं, हाताची घडी घातली आणि बसून राहिली. दातीर साहेब तिच्याजवळ गेले. "झालं असेल तर दे आणि जा बाहेर."

"देते. पण जात नाही. बसते."

त्यांनी पेपर घेतला, पुढच्या पानांवर नजर टाकली आणि तिला बसू दिलं. मग समर्थनं पेपर दिला, तोही बसला. एकेक करून पेपर जात होते आणि पोरं जागेवरच. बाहेर मैदान मोकळं होतं, शनिवार होता, चेंडू दप्तरात होता, आणि एकही पोर उठत नव्हतं. शेवटी वर्गात लिहिणारी चौघंच राहिली. मग दोघं. मग सूरज एकटा, शेवटच्या पानावर, जीभ दातांत धरून. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. बघितलं तर घाई होते, हे त्यांना माहीत होतं. घंटा झाली तेव्हा त्यानं पूर्णविराम दिला, आणि सगळा वर्ग एकदम उठला.

दातीर साहेब बाहेर आले. गठ्ठा बॅगेत घालताना त्यांनी भूषणला विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"विहार झाडणाऱ्या बाईंनी."

"ट्रेनिंग कुठं झालं, असं विचारत होतो."

"तेच सांगितलं साहेब."

निकाल मार्चच्या मीटिंगमध्ये लागला. पुन्हा तक्ते. निकालाच्या तक्त्यात टाकीची शाळा मधोमध होती. वरून चौथी. भूषणनं दोनदा मोजलं, मग शेजारच्या शिक्षकाकडून मोजून घेतलं. दातीर साहेबांनी मग आणखी एक तक्ता दाखवला. तो आधी कुणी बघितला नव्हता. वर्षात मध्येच आलेल्या मुलांचा निकाल, शाळावार. बाकीच्या शाळांच्या नावापुढं खांबच नव्हता. तिथं लिहिलं होतं, गैरहजर. एकाच शाळेचा खांब उभा होता, आणि तो केंद्राच्या सरासरीच्याही थोडा वर गेला होता.

"नवीन मुलं शंभर टक्के हजर असलेली ही एकच शाळा," दातीर साहेब म्हणाले. "बाकीच्यांनी पोटदुखीवर औषध शोधा."

त्या चहावाल्या मुख्याध्यापकांनी मोबाइल काढून बघायला सुरुवात केली.

"टाकीच्या शाळेची सातवी आहे तिथंच," साहेबांनी पुढं सांगितलं.

परतीच्या रिक्षात मॅडम म्हणाल्या, "ओव्हाळ, सोमवारी सातवीच्या वर्गाची खिडकी दुरुस्त करून घ्या. आता टिकायचंय म्हटल्यावर दुरुस्ती आली." आणि थोड्या वेळानं, बाहेर बघत, "चांगलं केलंत तुम्ही." एवढं बोलायला त्यांना फार त्रास झाला असणार.

बापूरावांनी त्या संध्याकाळी विहारात जाऊन सगळं सांगितलं. विमलाबाई आता थकल्यात, ऐकायला कमी येतं. त्यांना तर तीनदा सांगितलं. त्या दिवशी बापूरावांनी पहिल्यांदाच कंत्राटी हा शब्दही घेतला. म्हणाले, कंत्राटी आहे, तरी एवढं केलं.

निकाल वर्गात वाचून दाखवला तेव्हा सूरजची जागा रिकामी होती. आठच दिवसांपूर्वी त्याच्या वडिलांचं टॉवरचं काम संपलं. पुढचं काम मांजरीला, उसाच्या शेतांशेजारी नवीन सोसायट्या होतायत तिथं. एका सकाळी टेम्पो भरला आणि गेले. दाखला न्यायला सूरज बापाबरोबर आला होता. सृष्टीनं त्याला एक पट्टी दिली आणि सांगितलं, बोटाला थुंकी लावू नको. तो हं म्हणाला. तेवढंच.

भूषणनं त्याचे मार्क मोठ्यानं वाचले. चौथ्या पानावरचे सगळे बरोबर होते. सृष्टीनं मान वर करून वर्गाकडं बघितलं, शेजारी कुणी नसताना. मग म्हणाली, "सर, मला नवीन जोडीदार कधी?"

"सोमवारी कुणीतरी येईलच."

सोमवारी आली. भंडाऱ्याकडची मुलगी, हातात दाखला नव्हता. सृष्टी बाकावर सरकली.

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी भूषणचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडं मिक्सर फिरल्यासारखा आवाज, बांधकामाचा, आणि त्यातून सूरज.

"सर, बाबाच्या फोनवरून करतो. पास झालो न मी?"

"झालास. चांगले मार्क आहेत. मॅडमनी मांजरीच्या शाळेला पाठवलेत."

"हां. सर, इथं जोडी नाही ठेवत. आपलं आपलंच."

"मग?"

"मग मी केली. एक पोरगा आहे, बिहारचा. मागच्या आठवड्यात आला. त्याले मराठी काहीच नाही येत. इथं मी पुढं आहे सर, तो मागं आहे."

भूषण उठून खिडकीशी गेला. टाकी दिसत होती.

"थांबतोस का त्याच्यासाठी?"

"थांबतो न सर," सूरज म्हणाला. "पेपरात नाही थांबत. त्याचा हं आधीच घेऊन ठेवतो."